तुमचा तो विद्रोह, आमचा तो गोंगाट?



गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसानं मित्रमंडळींत एक खेळ काढला. प्रत्येकानं आपल्या आयुष्याला वळण देणारे दहा अल्बम सांगायचे, पंक आणि इंडी रॉकमधले, आणि प्रत्येकापुढे दोन ओळी लिहायच्या. आम्हीही यादी दिली. नागापूरच्या एमआयडीसीच्या कडेला वाढलेल्या माणसाकडे अशी यादी असू शकते, याचंच काहींना आधी कौतुक वाटलं. ते कौतुक सातव्या क्रमांकापर्यंत टिकलं. सातव्या क्रमांकावर आम्ही एक कॅसेट लिहिली होती. कव्हर नाही, साल छापलेलं नाही, कंपनीचं नाव नाही. लेबलवर निळ्या बॉलपेननं 'भीमगीते, ब बाजू' एवढीच अक्षरं. गाणारे आमचे थोरले मामा आणि त्यांची गायन पार्टी.

पहिलं उत्तर हसण्याचं आलं. विषय विद्रोहाचा आहे, जयंतीच्या डीजेचा नाही, असं एकानं लिहिलं. त्याचं सोडून द्या. दुसऱ्यानं मात्र समजुतीच्या सुरात लिहिलं की भीमगीत हे शेवटी भक्तिगीतच, फक्त देव बदललेला. पंक म्हणजे देवच नाकारणं. तेव्हा दोन्ही एका यादीत कशी बसणार? हा माणूस मूर्ख नाही आणि वाईटही नाही. म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं.

आणि उत्तर एकट्या त्यालाच नाही. आमच्या विहारात येणारे एक आबा आहेत, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले. यादीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली तेव्हा ते आमच्यावरच चिडले. "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते हे इंग्रजी धांगडधिंगे ऐकायला काय रे?" म्हणजे पुण्याच्या मित्राला आमचा मामा यादीत नको आणि आबांना 'द क्लॅश' नको. दोघांचंही म्हणणं आतून एकच. ज्याचं त्याचं संगीत ठरलेलं आहे, ज्यानं त्यानं आपल्या वस्तीतलंच ऐकावं. संगीतातली ही वर्णव्यवस्था आम्हाला मान्य नाही. गाणं बंडखोर आहे की नाही हे ठरवायला आम्ही दोनच प्रश्न विचारतो. ते बनवायची साधनं कुणाच्या हातात होती? आणि ते वाजवल्याबद्दल कुणाला काय भोगावं लागलं?

आमच्यापर्यंत हे संगीत कसं पोचलं, ते आधी सांगतो. २०१० च्या सुमारास समाजशास्त्रात एम.ए. करायला पुण्यात गेलो. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत शिलाँगचा एक मुलगा होता. त्याला 'चिंकी' म्हणणारे आणि आम्हाला 'स्कॉलरशिपवाले' म्हणणारे बरेचसे एकच होते, त्यामुळे मैत्री व्हायला वेळ लागला नाही. त्यानं एक पेन ड्राइव्ह दिला. तो आम्ही नगर-पुणे एसटीच्या फेऱ्यांमध्ये ऐकला. सुपा, शिरूर, शिक्रापूर, मग कोरेगाव भीमा. खिडकीतून जयस्तंभाच्या दिशेला मान आपोआप वळायची आणि कानात लंडनची पोरं ओरडत असायची. अर्धे शब्द कळत नव्हते. ओरडण्याचं कारण मात्र कळत होतं.

आमच्या यादीत पहिला 'द क्लॅश'चा पहिला अल्बम, १९७७ चा. त्यात 'व्हाइट रायट' नावाचं गाणं आहे. नाव ऐकून गैरसमज होतो, आमचाही झाला होता. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये काळी तरुण पोरं आणि पोलीस यांच्यात दंगल उसळली. क्लॅशमधले दोघे त्या गर्दीत होते. काळ्या माणसांनी आपल्यावरच्या जुलमाला उत्तर दिलेलं त्यांनी पाहिलं आणि आपण गोरे गरीब मात्र निमूट बसतो याची त्यांना लाज वाटली. ते गाणं त्या लाजेचं आहे. त्याच अल्बमवर जमैकाच्या ज्युनियर मर्विनचं 'पोलीस अँड थीव्ज' त्यांनी आपल्या पद्धतीनं गायलं. दोन-दोन मिनिटांच्या गाण्यांमध्ये हे एकच सहा मिनिटांचं. दुसऱ्याकडून घेतलं हे लपवलं नाही. पुढं ३० एप्रिल १९७८ ला 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'चा मोर्चा ट्राफल्गार चौकातून व्हिक्टोरिया पार्कला गेला, तिथं क्लॅश वाजले, बर्मिंगहॅमचे काळे रेगे कलावंत 'स्टील पल्स'ही वाजले. ती चळवळ उभी राहण्याचं एक कारण म्हणजे एरिक क्लॅप्टन. काळ्यांच्या ब्लूजवर मोठा झालेला हा गिटारवाला १९७६ मध्ये भर कार्यक्रमात, दारूच्या नशेत, परदेशी लोकांना हाकला म्हणून बरळला होता. काळ्यांचं संगीत हवं, काळी माणसं नकोत! वाचताना आम्हाला तमाशा, लावणी आणि ढोलकीचा इतिहास आठवला. तुम्हालाही आठवला असेल.

आता पुण्या-मुंबईच्या रॉकवाल्यांना आमचा सरळ प्रश्न. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. २००६ मध्ये खैरलांजी झाली. असं लाजेचं एक तरी गाणं तुमच्या गिटारीतून निघालं का? अपवाद आहेत, ते आम्ही नाकारत नाही. दिल्लीच्या तरु दालमियानं पंजाबच्या बंत सिंगसोबत काम केलं. मुलीवरच्या बलात्काराविरुद्ध लढला म्हणून ज्या दलित गायकाचे दोन्ही हात आणि एक पाय गेले, तोच हा बंत सिंग. मुंबईच्या 'स्वदेसी'नं आदिवासी कार्यकर्त्याला सोबत घेऊन जंगलाचं गाणं केलं. पण बाकीच्यांची बंडखोरी ब्रेकअप, ट्रॅफिक आणि बाबांनी इंजिनीअरिंगला घातलं इथंच संपते. त्यात वाईट काही नाही, माणसानं त्यावरही गावं. फक्त तेवढ्याला विद्रोह म्हणून आम्हाला शिकवायला येऊ नये.

दुसरा अल्बम 'एक्स-रे स्पेक्स'चा 'जर्मफ्री अ‍ॅडोलसन्ट्स', १९७८. गाणारी पॉली स्टायरीन. बाप सोमाली, आई गोरी. दातांना तारा, भडक रंगाचे कपडे, आणि किंचाळल्यासारखा आवाज, मागे सॅक्सोफोन. त्यात 'आयडेंटिटी' नावाचं गाणं आहे, आरशात स्वतःला शोधणाऱ्या मुलीचं. आमची धाकटी बहीण तेव्हा नगरला कॉलेजात होती. वर्गात नवीन ओळख झाली की पहिलं नाव विचारून झाल्यावर समोरची मुलगी थांबून राहायची, आडनावाची वाट बघत. बहिणीनं काही दिवस आडनाव सांगणंच सोडलं होतं. सुट्टीत आम्ही तिला हे गाणं ऐकवलं. इंग्रजी तिलाही फारसं समजलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "ही गाते तसं चालतं?" आम्ही म्हटलं, चालतं. त्या वर्षी १४ एप्रिलला ती विहारापुढच्या स्टेजवर गायला उभी राहिली. सूर दोनदा चुकला, पण पूर्ण आडनावासकट तिनं ओळख करून दिली. समीक्षक ह्या अल्बमला ग्राहकवादावरचं भाष्य वगैरे म्हणतात. असेल. आमच्या घरात त्याचा उपयोग हा झाला.

तिसरा अल्बम आमच्या वादाचा गाभा आहे, म्हणून थोडं थांबतो. वॉशिंग्टन डी.सी.च्या चार काळ्या वादकांचा बँड, 'बॅड ब्रेन्स'. पंकमध्ये त्यांच्याइतकं वेगानं वाजवणारे त्या काळी नव्हते. त्यांचा पहिला अल्बम १९८२ मध्ये निघाला तो फक्त कॅसेटवर. तबकडी नाही, नुसती कॅसेट. आज त्या कॅसेटला जगभर मान आहे. ते कळलं त्या दिवशी आम्ही हॉस्टेलच्या खोलीत एकटेच हसलो. म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसाची कॅसेट इतिहास ठरते आणि आमच्या मामाची कॅसेट ठरते जयंतीचा कचरा! (बॅड ब्रेन्सना आम्ही डोक्यावर घेत नाही. समलिंगी लोकांशी ते वाईट वागले आणि त्याबद्दल त्याच काळात त्यांच्यावर टीका झाली. ज्याच्यावर अन्याय होतो तो दुसऱ्यावर करत नाही, असं काही नसतं. आपल्याकडेही नसतं.)

आता मामांची कॅसेट. साल १९९१, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. मामा दिवसा एका कारखान्यात हेल्पर आणि रात्री गायन पार्टी. पेटी, ढोलकी, बेंजो, टाळ आणि दोन कोरसवाले. ज्यांना बेंजो माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकन बॅन्जोशी त्याचा काही संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. त्याला पिकअप लावून, स्वस्तातल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आणि भोंग्यातून वाजवला की आवाज फाटतो. तो फाटलेला आवाज मिळवण्यासाठी रॉकवाले गिटारीला महागडी पेडलं लावतात. आमच्या वस्तीत तो फुकट मिळत होता.

समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या बांधल्या, मधे स्टुलावर टू-इन-वन ठेवला, आणि रात्री दुसरी पाळी सुटून रस्ता शांत झाल्यावर रेकॉर्डिंग केलं. कुणी चुकलं की पूर्ण गाणं पुन्हा. मग एका ओळखीच्या दुकानातल्या दोन डेकच्या मशीनवर कोऱ्या कॅसेट भरल्या. त्या जयंतीला विकल्या, आणि उरलेल्या ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कच्या फुटपाथवर, चादरीवर मांडून. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचं 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तक आहे, १९९३ चं. ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी ह्या स्वस्त कॅसेटनं कशी मोडली आणि छोट्या गावांचं, छोट्या जातींचं संगीत बाजारात कसं आलं, हे त्यात उत्तर भारताच्या उदाहरणांनी दाखवलंय. एम.ए.ला ते वाचताना आम्हाला समाजमंदिरातल्या त्या घोंगड्या दिसत होत्या. १९७७ च्या सुरुवातीला इंग्लंडातल्या एका छोट्या पंक पत्रिकेत गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या छापून, एवढ्या आल्या की बँड काढा, असं सांगितलं होतं. त्या पानाचे आज टी-शर्ट निघतात. मामांनी ते पान पाहिलेलं नव्हतं.

मामांच्या आधीची परंपरा आणखी जुनी. आंबेडकरी जलसा १९३० च्या दशकात गावोगाव फिरत होता. तमाशाचा साचा घ्यायचा आणि आत मजकूर आपला भरायचा, ही त्याची रीत. भीमराव कर्डकांसारखे जलसाकार कंदिलाच्या उजेडात, उपाशीपोटी, गावातल्या दगडांची तयारी ठेवून खेळ करत. जलशाचा एक कार्यक्रम आपल्या दहा भाषणांच्या तोडीचा, असं बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा मोठेपणी अक्षरं गिरवायला शिकले आणि त्यांनी हजारो गाणी लिहिली. शाळा नाही, गुरू नाही, स्टुडिओ नाही, झोळीत वही. स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या माणसांसाठी, कुणाची परवानगी न घेता संगीत करणं याला तुम्ही पंक म्हणता. चांगला शब्द आहे. आमच्याकडे ह्याला इतकी वर्षं नावच नव्हतं, कारण दुसरा मार्गच नव्हता.

आता दुसरा प्रश्न, किमतीचा. इथं आमचा आवाज थोडा चढेल, समजून घ्या.

मे २०१५. आपला जिल्हा. शिर्डी. नर्सिंग शिकणारा एक बौद्ध तरुण लग्नासाठी आलेला. त्याचा मोबाइल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची. बातम्यांमध्ये आलं ते असं: काही तरुणांनी ती बंद करायला सांगितली, वाद झाला, त्याला मारहाण करून उचलून नेलं आणि नंतर त्याचं प्रेत सापडलं. ज्या गावात पहाटेपासून रात्रीपर्यंत भोंग्यावर आरत्या आणि भजनं चालतात, त्या गावात काही सेकंदांची एक रिंगटोन सहन झाली नाही.

समजुतीच्या सुरात लिहिणाऱ्या मित्रा, आता सांग. भक्तिगीतासाठी कुणी कुणाचा जीव घेतो का? त्याच शिर्डीत मोबाइलवर आरती वाजली असती तर कुणी मान वर करून पाहिलं असतं? मारणाऱ्यांना बरोबर कळलं होतं की हे भजन नाही. भीमगीत म्हणजे काय, हे त्या मारेकऱ्यांना तुझ्यापेक्षा चांगलं समजलेलं होतं. आम्हाला क्लॅश मनापासून आवडतात. पण जो स्ट्रमरचं गाणं खिशात वाजलं म्हणून नगर जिल्ह्यात कुणाला घरी परत जाता आलं नाही, असं आजवर झालेलं नाही.

यादीत चौथा 'फुगाझी'चा 'रिपीटर' होता, १९९० चा. हे लोक तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचे, टी-शर्ट विकायचे नाहीत, आणि त्यांच्या गायकानं मित्रासोबत काढलेली डिस्कॉर्ड ही कंपनी मोठ्या कंपनीला विकली नाही. संघटना चालवणाऱ्यांनी अभ्यास करावा असा बँड. पण आमच्यासाठी तो अल्बम एका रात्रीचा आहे. खर्ड्याला २०१४ मध्ये जातीसाठी मारल्या गेलेल्या सतरा वर्षांच्या पोराचा खटला नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाली निघाला. एकामागून एक साक्षीदार उलटले होते. आरोपी सुटले. त्या संध्याकाळी नगरहून नागापूरला परत येताना रिक्षात आम्ही चौघे, कुणीच बोललं नाही. घरी येऊन 'रिपीटर' लावला, मोठ्यानं. दोन गाण्यांनंतर बंद केला. राग होता त्यात, पण आमच्या रागाला लागणारं नाव त्यात नव्हतं. मग आईनं, न विचारता, मामांची कॅसेट लावली. ती जेवण होईपर्यंत वाजत राहिली.

किंमत मोजणाऱ्यांत गाणारेही आहेत. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर चारच दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी स्वतःचा जीव दिला. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' तिथून सुरू होतो. कबीर कला मंचाच्या शीतल साठे गरोदर असताना, एप्रिल २०१३ मध्ये, सचिन माळी यांच्यासोबत विधान भवनाबाहेर उभ्या राहून अटक झाल्या. त्याच मंचाच्या तिघा कलावंतांना २०२० मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात अटक झाली. त्यांच्या सगळ्या राजकारणाशी आमचं जमतं असं नाही. लाल आणि निळ्याच्या भांडणात आम्ही कुठं उभे आहोत, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे. पण गाण्याची इतकी भीती सत्तेला त्या म्युझिक फेस्टिव्हलांची वाटल्याचं आम्ही ऐकलेलं नाही, जिथं पाण्याची बाटलीसुद्धा बाहेरून नेऊ देत नाहीत.

इतकं बोलल्यावर आपल्या घरातलंही बोललं पाहिजे, नाहीतर आबांना उत्तर राहून जाईल आणि मित्राच्या आक्षेपातलं खरंही दडपलं जाईल. देव बदललेला, हे त्याचं वाक्य आपल्या काही गाण्यांना लागू पडतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका घटना समितीत स्पष्ट सांगितला होता, आणि आपण त्यांच्याच नावानं आरतीच्या चालीवर ओवाळण्या रचतो. बाजारात खपतं म्हणून रचतो. वामनदादांच्या गाण्यात बाबासाहेब आहेत तसा कार्यकर्त्यांचा हिशेबही आहे. तुम्ही काय केलंत, असं ते तोंडावर विचारतात. ती गाणी आता स्टेजवरून कमी ऐकू येतात. का, ते पुढाऱ्यांना विचारा.

आणि डीजे. एप्रिलमध्ये आवाजाचा त्रास होणाऱ्या आणि भाद्रपदात दहा दिवस बहिरं होणाऱ्या गृहस्थांना आम्ही काही उत्तर देणार नाही. पण आपसांत सांगतो: भिंतीएवढे स्पीकर लावून आपण आपल्याच शब्दांचा गळा दाबतोय. रिमिक्समध्ये गाण्याचं धृवपद तेवढं उरतं, कडवी जातात. विचार कडव्यांत असतो. कवीचं नाव शेवटच्या कडव्यात असतं, तेही जातं. एका रात्रीच्या भाड्यात जेवढा पैसा जातो त्याच्या दहाव्या हिश्श्यात मामांच्या वयाच्या दोन गायन पार्ट्यांचं नीट रेकॉर्डिंग होईल. हे आम्ही गेल्या वर्षीच्या जयंती मंडळाच्या बैठकीत मांडलं तेव्हा पोरांनी हसण्यावारी नेलं. ह्या वर्षी पुन्हा मांडणार आहोत.

आबा, तुम्ही इंग्रजी धांगडधिंगा म्हणता त्यातून आपल्याला एक गोष्ट शिकायची आहे, आणि ती चेन्नईच्या पोरांनी आधीच शिकून घेतलीय. पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी तिथं 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा केला. पहिला कार्यक्रम जानेवारी २०१८ मध्ये. नाव अयोथी दास पंडितांच्या जातिभेदरहित तमिळ माणसाच्या कल्पनेवरून. उत्तर चेन्नईच्या दलित वस्त्यांत, मयतीला गायलं जाणारं गाना, त्याला रॅप आणि इलेक्ट्रिक गिटार यांची जोड. गाना सोडला नाही आणि गिटारीला परकी म्हटलं नाही. आपल्याकडे बेंजो आहे, ढोलकी आहे, औरंगाबादच्या कडूबाई खरातांची एकतारी आहे, जिनं एका मोबाइलच्या कॅमेऱ्यातून अख्खा महाराष्ट्र गाठला. मग अडलंय कुठं?

आम्हाला वाटतं, अडलंय ते नोंदीपाशी. क्लॅशच्या पहिल्या अल्बमची तारीख आम्हाला पाठ आहे, ८ एप्रिल १९७७. त्यावर ड्रम वाजवणारा टेरी चाइम्स बँड सोडून चालला होता, म्हणून त्याच्या साथीदारांनी कव्हरवर त्याचं नाव चेष्टेनं मोडतोड करून छापलं. चेष्टेनं का होईना, छापलं. आज पन्नास वर्षांनी नागापूरच्या माणसाला ते माहीत आहे. आणि मामांच्या कॅसेटवर ढोलकी कुणी वाजवली, हे त्यांच्या सख्ख्या भाच्यांना माहीत नाही. मामा २००४ मध्ये गेले, वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे गेले त्याच वर्षी. मामींना आठवतं ते एवढंच की ढोलकीवाला भिंगारकडून सायकलवर यायचा आणि चहात साखर जास्त मागायचा.

ह्याला जबाबदार मनुवादी नाहीत, दोस्तांनो. हे आपण केलंय. ज्यांना हजारो वर्षं लिहू दिलं नाही त्यांच्या हातात पेन आलं, आणि आपण कॅसेटवर 'ब बाजू' एवढंच लिहून थांबलो.

२०१९ मध्ये आम्ही ती कॅसेट संगणकावर घ्यायला निघालो तेव्हा अ बाजूला पांढरी बुरशी दिसली. घाई केली, प्लेअरमध्ये घातली, आणि फीत तुटली. चौथ्या गाण्याच्या मधोमध. चिकटपट्टीनं जोडली तरी तेवढा तुकडा गेला तो गेलाच. ब बाजू शाबूत आहे, तिचं रेकॉर्डिंग आता पाच जणांकडे आहे.

म्हणून सांगतो. घरात माळ्यावर, ट्रंकेत, शोकेसच्या खालच्या कप्प्यात ज्या कॅसेट असतील त्या वाजवून बघू नका. बुरशी असेल तर अजिबात नको. कोरड्या कापडात गुंडाळून विहारात आणा. एका दुकानदारानं जुना डेक दुरुस्त करून दिलाय, रविवारी दुपारी दोन-तीन तास आम्ही बसतो. कॅसेटसोबत घरातलं एखादं म्हातारं माणूसही आणा, म्हणजे आवाज ओळखता येतील. ढोलकी कुणाची, बेंजो कुणाचा, कोरसला कोण, गाणं कुणी रचलं, साल कोणतं, सगळं वहीत उतरवून घेतो. बायकांची नावं विशेषतः. कोरसमध्ये त्या असायच्या आणि स्टेजवरून त्यांचा उल्लेख 'आणि सहकारी' असा व्हायचा. आबांनी पहिल्या रविवारी येऊन तीन आवाज ओळखले. क्लॅशबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही.

भिंगारचा तो ढोलकीवाला, सायकलवाला, जास्त साखरेचा, कुणाचा आजोबा, काका असेल तर सांगा. त्याचं नाव लिहायला मामांच्या पानावर एक ओळ मोकळी ठेवली आहे.